शेवंताबाईंची पंगत

सोमवार, सतरा नोव्हेंबर. शाळेत शोकसभा, वेळ सकाळी अकरा. हजर: मी (मुख्याध्यापिका), गोहणे सर (सहशिक्षक), पहिली ते पाचवीच्या अडतीस मुलांपैकी सदतीस, शेवंताबाईंचा मुलगा आणि सून, गावातले सात पालक, नाल्यापलीकडच्या टोल्यावरचे चार. एक मूल तापामुळं गैरहजर. दोन मिनिटं मौन पाळलं. गोहणे सर बोलले. मी आज कोण शिजवणार ते बघायला स्वयंपाकघरात गेले. तिथं डाळ निवडून झाकून ठेवलेली होती. शुक्रवारी दुपारी शेवंताबाई ती निवडून घरी गेल्या. शनिवारी पहाटे छातीत दुखायला लागलं आणि पोंभुर्ण्याच्या वाटेवरच त्या गेल्या. मी ती डाळ त्यांच्या सुनेला शिजवायला दिली.

शेवंताबाई आमच्या शाळेत अकरा वर्षं पोषण आहार शिजवत होत्या. पोंभुर्ण्याहून जंगलातल्या रस्त्यानं आत आलं की आधी गाव लागतं, धान पिकवणाऱ्यांचं. नाला ओलांडला की गोंडांचा टोला, म्हणजे वस्ती. शाळा दोघांच्या मध्ये, दोघांची मिळून एकच. मी इथं बदलून आले त्या पहिल्या दिवशी पंगतीचा तक्ता करून आणला होता, इयत्तेप्रमाणं रांगा. शेवंताबाईंनी तो नीट पाहिला, भिंतीला टेकवून ठेवला आणि हातात डाव घेऊन ओरडल्या, "चला पोट्टेहो! पावसाळ्यातले इकडं, हिवाळ्यातले तिकडं, उन्हाळ्यातले दाराजवळ!" मुलं पळत जाऊन बसली. ती जन्माच्या महिन्यानं बसत होती.

मी कारण विचारलं.

"मॅडम, वर्गानं बसवलं त लहानगे रडतेत. वळखीनं बसू देलं त गाव एकीकडं, टोला एकीकडं. महिन्यानं बसवलं त कोनाचंच काई चालत नाई." मग हसून म्हणाल्या, "आमच्या वक्ती मास्तरनं साऱ्याइले जूनमधेच जन्माले घातलं होतं. आमची त एकच रांग झाली असती."

शेवंताबाई बौद्ध. त्या कामावर लागल्या तेव्हा गावातल्या काही घरांनी मुलांना घरून डबे द्यायला सुरुवात केली होती. हे मला गोहणे सरांनी सांगितलं. शेवंताबाई डबा आणणाऱ्याला एवढंच म्हणायच्या, "आनला त आनला. बस आपल्या महिन्यात." दोन महिन्यांत डबे बंद झाले. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. माझ्या मनात मात्र तो राहिला, आणि पुढची चूक त्यातूनच झाली.

तीन वर्षांपूर्वीचा संविधान दिन. शाळेच्या परसबागेत मुलांनी वाल लावला होता. आळी त्यांनीच केली, पाळीपाळीनं पाणीही त्यांनीच घातलं. पहिला तोडा सव्वीस नोव्हेंबरला काढायचा आणि त्याच भाजीचं सहभोजन करायचं, हे मी महिनाभर आधी ठरवून टाकलं होतं. उद्देशिकेचं वाचन झालं, फोटो काढून झाले, पंगत बसली. टोल्यावरच्या चौदा मुलांनी भात खाल्ला, वरण खाल्लं. शेंगांची भाजी ताटाच्या कडेला तशीच ठेवली. चौदाच्या चौदा ताटांत.

मला एकच अर्थ दिसला. मी म्हटलं, "आत्ता काय वाचलंत? समता. आणि बाईंच्या हातची भाजी चालत नाही?" कोणी वर पाहिलं नाही. सगळ्यात जवळ दुसरीतली रोशनी सिडाम बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. "खा," म्हटलं. ती हलली नाही. पुन्हा म्हटलं. तिनं डोळे मिटले आणि खायला लागली.

शेवंताबाई मागून म्हणाल्या, "मॅडम, थांबा जी. वरन बी मीच शिजवलं ना? ते त खाल्लं पोट्टेइनं."

हे मला कळायला थोडा वेळ लागला. तोवर रोशनीचं ताट साफ झालं होतं.

मधला रविवार गेला आणि सोमवारी टोल्यावरचं एकही मूल आलं नाही. भांडी घासून झाल्यावर शेवंताबाई नाला ओलांडून गेल्या आणि शाळा सुटायच्या आत परत आल्या. पाणीसुद्धा न पिता त्यांनी सांगितलं, "त्याइचं पंडुम नाई झालं अजून. नवी शेंग आधी देवाले, मंग मान्साले. तवरिक कोनी तोंडात घेत नाई. आपुन कोनाले इचारलंच नाई." टोल्याचा हा सण ज्यांच्या हातून होतो, ते भुमक, म्हणजे पुजारी, रोशनीचेच आजोबा लच्चूभाऊ. "पोरगी जेवून नाई राह्यली," शेवंताबाई म्हणाल्या. "आज्यासमोर येत नाई. म्हनते, मी बाटवलं."

मी त्याच दिवशी पत्र लिहिलं. तीन मुद्दे: गैरसमज झाला, हेतू वाईट नव्हता, मुलांना शाळेत पाठवावं. सही, शिक्का. ते शेवंताबाईंच्या हातात दिलं.

"नेऊन देतो जी," त्या म्हणाल्या. "पन तुमीच चलाना. पाच मिन्टाचा रस्ता हाये."

मी म्हटलं, केंद्रावर बैठक आहे. बैठक खरंच होती.

लच्चूभाऊंचा निरोप घेऊन त्या परत आल्या. पंडुम झालं की मुलं येतील. पत्राची गरज नाही. मॅडमनी एकदा घरी यावं, अंगणात बसावं, आणि चार माणसांसमोर रोशनीला सांगावं की चूक तिची नव्हती. बाकी काही नको. नवव्या दिवशी चौदाही मुलं आली, रोशनीसुद्धा. मी हजेरी भरली आणि डायरीत त्या विषयासमोर बरोबरची खूण केली.

त्या वर्षापासून परसबागेचा तोडा शेवंताबाईंनी स्वतःकडं घेतला. कोणतंही नवं पीक आलं की त्या टोल्यावर जाऊन विचारून यायच्या आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशानं खूण करायच्या. शेंगा अमुक दिवसानंतर, आंबा अमुक दिवसानंतर. तोवर ते पीक कोणाच्याच ताटात नाही. गावातल्या एका चौथीतल्या मुलाला हे पटलं नाही.

"आमी काऊन थांबाचं? आमचा देव त काई म्हनत नाई."

"तुह्या सोबत्याचं ताट रिकामं असलं त तू आधी खाशीन काय?"

"खाईन," तो म्हणाला.

सगळी पंगत हसली. शेवंताबाई पण हसल्या. "खाय मंग. पन म्या शेंगा तोडल्याच नाई आज. खाशीन काय, वेल?"

पंडुम झालं की टोल्यावरून पहिली टोपली शाळेत यायला लागली. ही प्रथा कोणी ठरवली नव्हती. मी अहवालात ती 'विविधतेचा आदर' या शीर्षकाखाली लिहिली. केंद्रप्रमुखांनी शेरा दिला: स्तुत्य उपक्रम. मी तो शेवंताबाईंना वाचून दाखवला. त्या तांदूळ धूत होत्या. म्हणाल्या, "बरं हाये. पन तुमी कवा चलता टोल्यावर?"

वर्षातून दोन-तीनदा तरी त्या विचारायच्या. माझ्याकडं दर वेळी काम असायचं: प्रशिक्षण, निवडणुकीची ड्युटी, शिष्यवृत्तीचे फॉर्म. एकही खोटं नव्हतं. त्या "बरं" म्हणायच्या आणि हातातलं काम पुढं चालू ठेवायच्या. एकदाच थोडं जास्त बोलल्या. "मले समजते मॅडम. माह्याकडं पाहून तुमाले राग आला होता. माह्यासाठीच बोलल्या तुमी. पन खाल्लं तिनं." रोशनी आता पाचवीत आहे. एप्रिलनंतर तिला शाळेतून काढून आश्रमशाळेत घालणार आहेत. ती माझ्याच वर्गात, खिडकीजवळच्या बाकावर बसते. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते. आपणहून कधी बोलत नाही.

शोकसभेनंतरची कामं मी त्याच दिवशी लिहून काढली. धान्याच्या कोठीची किल्ली सुनेकडून ताब्यात घेणे: झालं. पुढची नेमणूक होईपर्यंत स्वयंपाक सुनेनं करणे: ठरलं. केंद्रावर लेखी कळवणे: झालं. पंगत महिन्यानंच बसवणे: मुलं स्वतःच बसली, सांगावं लागलं नाही. यंदाच्या शेंगांच्या पंडुमाचा दिवस लच्चूभाऊंना विचारून येणे. गोहणे सर म्हणाले, मी जातो, माझ्या रस्त्यातच आहे. मी त्यांना नको म्हटलं.

आज चोवीस तारीख. सुनेनं सकाळी विचारलं, शेंगा जून होऊन राह्यल्या, तोडू काय? मी म्हटलं, अजून नाही. मी अजून गेलेले नाही.