टिकल्यांचं मत

अजूनही आठवलं की माझं डोकं तापतं, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

सुरतच्या उधन्यात आम्ही बाया वरच्या मजल्यावर एका खोलीत बसून साड्यांवर खडे चिकटवतो. त्या गमाचा वास असा उग्र की डोळे चुरचुरतात, घसा धरतो. खिडकी उघडावी तर खालच्या लूमची धूळ साडीवर बसते आणि शेठ माल परत पाठवतो. म्हणून खिडकी कायम बंद. सगळ्यांत जास्त हाल माझ्या शेजारी बसणाऱ्या पोरीचे. आमच्या धुळ्याकडचीच. नवरा गेल्या वर्षी गेला. तिला दमा आहे, दुपारपर्यंत छाती शिट्टीसारखी वाजायला लागते. काम सोडलं तर खाणार काय?

आम्हा बायांच्या बचत गटाचे पैसे साठले होते आणि आधी काय करायचं यावर नुसती भांडणं चालली होती. मग गटाला मदत करणाऱ्या संस्थेची एक मुलगी आली. गुजराती, पण मराठी गोड बोलते. तिने भिंतीवर मोठा कागद लावून तीन चित्रं काढली: हवा बाहेर फेकणारा पंखा, लांब टेबल, आणि दारावर गटाच्या नावाचा बोर्ड.

म्हणाली, "प्रत्येकीला तीन ठिपके. जे आधी हवं त्यावर चिकटवा. बोलायचं नाही."

मला तर फारच आवडलं. कारण आमच्यात जिचा आवाज मोठा तिचंच खरं होतं, आणि तो आवाज गटाच्या प्रमुखबाईंचा. त्यांना बोर्ड हवा होता.

पण ठिपके ऑफिसात राहिलेले. प्रमुखबाईंनी पर्समधून टिकल्यांची पाकिटं काढली. "ले ना बेन, ह्याच चिकटवू!" सगळ्या हसल्या, मीही हसले. त्या स्वतःच वाटत आल्या, माझ्यापाशी पोचल्या, आणि त्यांचा हात मला आणि त्या पोरीला टाळून पुढच्या बाईकडे गेला. हळदीकुंकवात जातो तसा. हळदीकुंकवात मी मागे बसते, गप्प बसते. पण हे हळदीकुंकू होतं का?

मला वाटलं, आता आम्हाला तोंडी विचारतील. कोणी विचारलं नाही. बाया उठल्या, चिकटवून आल्या. बोर्ड पंख्याच्या चार टिकल्या पुढे.

"सगळ्यांच्या झाल्या?" मुलीने विचारलं.

"झाल्या, झाल्या," प्रमुखबाई म्हणाल्या.

"आमच्या कुठे झाल्या?" मी म्हटलं. "आम्ही दोघी काय भिंत आहोत?"

प्रमुखबाई हळू आवाजात म्हणतात, "अहो मावशी, तुमच्या हातात टिकली कशी देऊ? बरं दिसतं का? तुम्ही पेनाने खूण करा."

पेनाने! दिवसभर दुसऱ्यांच्या साड्यांवर चमचम चिकटवतात हेच हात. लग्नाच्या साड्यांवर सुद्धा. तेव्हा कोणाला काही दिसत नाही. मी तसं बोललेसुद्धा, आणि आवाज खालच्या लूमपर्यंत गेला असेल.

तेवढ्यात ती पोर माझा पदर ओढते. "राहू दे ना मोठी माय. मी पेननी करस."

मला तिचाच जास्त राग आला. "तू बोलू नको," म्हटलं, "आधी श्वास घे नीट!"

संस्थेची मुलगी तोवर कागदापाशी नुसती उभी होती, चेहरा पडलेला. ती पुढे आली, पाकीट उचललं आणि तीन टिकल्या माझ्या तळहातावर ठेवल्या, तीन पोरीच्या.

मी उठले. गुडघे दुखतात माझे, पण उठले. तिन्ही पंख्यावर दाबून लावल्या. पोर बराच वेळ कागदासमोर उभी राहिली. सगळ्या आपल्याकडेच बघतायत असं तिला वाटत होतं. मग तिनेही लावल्या, तिन्ही पंख्यावर.

प्रमुखबाई म्हणाल्या, "असं असेल तर पुन्हा पहिल्यापासून करू सगळं." कोणी उठलंच नाही. एकीने तर गमाचा डबा उघडून कामच सुरू केलं.

पंखा त्याच आठवड्यात बसला. प्रमुखबाई गल्लीत सांगत फिरतात की म्हातारीला या वयात टिकल्यांची हौस आली. सांगू देत. मी अजून त्यांच्याशी बोलत नाही, आणि बोलणारही नाही. पोरीची छाती दुपारी पूर्वीइतकी वाजत नाही.