रंभाजीचा दहावा

रंभाजी गेला तेव्हा गावात कुणालाच नवल वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की इतकी वर्षं टिकला कसा! ट्रॅक्टर चालवावा तर त्यानेच; सरी अगदी आखीव पाडायचा. फक्त काम दुपारच्या आत उरकून घ्यावं लागे. शेवटी लिव्हर गेलं, पोट फुगलं, डॉक्टरांनी हात टेकले. त्याही आठवड्यात पठ्ठ्याने पथ्य पाळलं ते पाण्याचं.

त्याची बायको चांगुणाबाई शिर्डीत हार ओवायच्या कामाला जायची. नवऱ्याची आशा तिने केव्हाच सोडली होती. धडपड सगळी एकुलत्या सचिनसाठी. बापाचा वारा लागू नये म्हणून तिने त्याला शिकायलाही मामाकडे ठेवलं, पुढे शिर्डीतच हॉटेलात नोकरीला लावलं. गावातल्या बायका जमवून दारूबंदीच्या मतदानात आडवी बाटली निवडून आणली, दुकान बंद पाडलं. रंभाजी मग शेजारच्या गावी जाऊ लागला. तेवढेच पाय मोकळे होत. "आमचा सचिन सुपारीच्या खांडाला शिवत न्हाई," हे मात्र ती बसमध्ये शेजारी बसेल त्या बाईला सांगायची.

दहाव्याला पुणतांब्याच्या घाटावर पिंड ठेवला. झाडावर कावळे होते, पण खाली उतरेनात. अशा वेळी मेलेल्याचा जीव कशात अडकलाय ते ओळखून शब्द द्यायचा असतो. रंभाजीचा धाकटा भाऊ पुंजाराम पुढे झाला. "दादा, बांधाचं भांडान मिटवतो." कावळे ढिम्म. बहुधा त्यांनाही पुंजाराम ठाऊक असावा.

मग चांगुणाबाईने पदर सावरला, हात जोडले. "पोराचा घोर करू नगा. त्येला आजवर थेंबाला शिवू दिलं न्हाई, हितून पुढं बी देनार न्हाई."

कावळा आला नाही. ऊन तापलं. भटजींना अजून एका दहाव्याला जायचं होतं.

"वहिनी, उगं आढं-वेढं कशाला?" पुंजाराम म्हणाला. "दादाचा जीव कशात हाय ते समद्यांला म्हाईत हाय. पिंडाजवळ जरा दारू ठेवू."

"माझ्यासमोर न्हाई," चांगुणाबाई म्हणाली.

"आन् आता आनायची तरी कुठून? परत तिकडल्या गावाला जावं लागंल," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

सचिन बापाच्या पिंडासमोर मुंडन करून उभा होता. त्याने कुणाकडे न बघता पँटच्या खिशातून एक चपटी बाटली काढली. निम्मी रिकामी होती. पिंडाजवळच्या द्रोणात त्याने हिशेबाने थोडीशी ओतली, झाकण फिरवलं आणि उरलेली परत खिशात ठेवली.

कावळा झपकन उतरला आणि पिंडाला शिवला. लोक हात जोडून चपला शोधायला लागले.

नवरा गेल्यापासून चांगुणाबाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता मात्र ती घाटाच्या पायरीवर मटकन बसली आणि ऊर बडवून रडू लागली.

"रडू द्या तिला," पुंजाराम भटजींना म्हणाला. "कसा बी असला तरी नवरा हुता."