मास्तरांचा मांड्यांचा वर्ग

आयुष्यात एकही मांडा न करता मांडे कसे शिकवावेत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्याला कारण आहे. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो आणि दरवर्षी पालकसभेत 'वाढत्या वयातल्या मुलांना नवी गोष्ट कशी शिकवावी' यावर बोलतो. कामाच्या लहान लहान पायऱ्या करा, मुलांना चुकू द्या आणि मुख्य म्हणजे मधे बोलू नका! (हे मी न थांबता पाऊण तास सांगतो.)

तर, थोरल्या लेकीच्या लग्नाला आठ दिवस उरले आणि आमची आक्का न्हाणीत घसरली. उजवं मनगट प्लॅस्टरमध्ये! आक्का म्हणजे माझी मोठी बहीण. आमच्या घरातली मुलगी सासरी निघाली की रुखवतात एकवीस मांडे जातात, आणि चाळीस वर्षं ते आक्काच करत आली. पुरी लाटायची, दोन्ही हातांवर फिरवत फिरवत रुमालासारखी पातळ आणि टेबलक्लॉथएवढी मोठी करायची, चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर टाकायची, पिठीसाखर-तूप घालून घडी मारायची. झाला मांडा. बघायला सोपं!

"विकतचे आणूया की," मी म्हटलं.

आक्का नुसती प्लॅस्टरकडं बघत बसली. बायकोनं माझ्याकडं असं बघितलं की मी वर्तमानपत्र उघडलं.

"आत्या, मला शिकव," धाकटी मानसी म्हणाली. वय वर्षं सोळा. "ताईच्या रुखवतात माझ्या हातचे मांडे जाऊ देत."

आक्काचा चेहरा असा फुलला म्हणून सांगू! तेवढ्यात मी म्हणालो, "थांबा. हे शास्त्रीय पद्धतीनं शिकवूया."

"अहो, तुम्हाला चहा तरी उतू न घालवता करता येतो का?" बायको म्हणाली. अशा शंकांना मी उत्तर देत नाही.

शहापुरातल्या आमच्या परसात, चुलीमागच्या भिंतीवर, मी चौदा पायऱ्यांचा तक्ता लावला. पहिल्या दिवशी पीठ नाही, फक्त हालचाल! पिठाऐवजी काय? माझा ओला बनियन. मानसीनं तो दोन तास हातांवर फिरवला. शेजारच्या काकू भिंतीवरून बघून गेल्या आणि "बरं हाय न्हवं सगळं?" असं बायकोला विचारून गेल्या. संध्याकाळपर्यंत बनियन गुडघ्यापर्यंत लांबला, मांड्यात काडीचीही प्रगती नव्हती.

दुसऱ्या दिवशी खरं पीठ आलं. आक्का खुर्चीत, मानसी चुलीपाशी आणि दोघींच्या बरोबर मधे मी.

"पप्पा, बाजूला सरका की. आत्या दिसंना मला."

"आत्याकडं नको, तक्त्याकडं बघ! कोपर वर! मनगट सैल! अगं, सातवी पायरी राहिली!"

मी ओरडलो की ती दचकायची, ती दचकली की मांडा फाटायचा. असे पाच फाटले. सहावा माझ्या पायावर पडला.

"तू जरा गप बस की रं!" आक्का कडाडली. "पोरीनं हाताकडं बघायचं का तुझ्या तोंडाकडं?"

मानसीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला न्हाय जमत, पप्पा. विकतचेच आणा."

शहाण्या माणसानं इथं थांबायचं असतं. मी बाह्या सावरल्या. "इकडं दे. मी दाखवतो!"

आणि काय सांगू, जमायला लागलं की हो! पुरी हातांवर पसरली, मोठी झाली, कोपरापर्यंत आली. "बघा!" मी म्हटलं, आणि त्याच वेळी परसाच्या दारातून निपाणीचे व्याही आत आले. वऱ्हाडाच्या गाडीचं ठरवायला आले होते.

"नमस्कार, मास्तर!"

आता मुलीचा सासरा दारात आल्यावर मुलीचा बाप काय करतो? मी हात जोडले!

दोन्ही हातांवरचा मांडा मधोमध मिटला, त्याची वरची कड उसळून तोंडावर आली आणि चष्म्याला चिकटली. दिसायचं बंद झालं. पण पाहुण्यांचं स्वागत थांबवता येतं का? पिठातूनच "या, या, बसा!" म्हणत मी दोन पावलं पुढं टाकली. पुढं चूल होती. लाथ बसली, मडकं घरंगळलं, फरशीवर आपटलं आणि तुकडे झाले.

व्याही हळूच म्हणाले, "मी मागनं येऊ काय?"

आक्का तुकड्यांकडं बघत होती. "आईनं दिलतं रं ते मला," एवढंच म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. मला इतकी लाज वाटली की मी जेवलोसुद्धा नाही. (बायकोनं ताट वाढलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.)

सकाळच्या पहिल्या बसनं मी खानापूरला गेलो, कुंभारवाड्यात दहा मडकी वाजवून बघितली, एक निवडलं आणि ते तान्ह्या पोरासारखं मांडीवर घेऊन संध्याकाळी परतलो. परसात येऊन बघतो तर चुलीवर पालथी लोखंडी कढई आणि परातीत नऊ मांडे! मानसीच्या हातांवर दहावा फिरत होता. आक्का खुर्चीत गप्प बसून होती. मधेच एकदा "हं, आता टाक," म्हणाली, बस्स. माझा तक्ता चूल पेटवायला गेला होता.

"कसं गं जमलं?"

"पहिले सात फाटले, पप्पा. आत्या काय बोललीच न्हाय. आठवा आपोआप आला."

मला भरून आलं. मी म्हटलं, "छान! फक्त कोपर जरा..." मांडा फाटला.

आक्कानं नवं मडकं बोटानं वाजवून बघितलं. "लई चांगलं हाय. उद्या आणि एक आण जा."

"एक पुरं की, आक्का."

"पुरतंय. पण उद्या तू घरातच हाईस न्हवं?"

सलग तीन दिवस मी खानापूरला गेलो.

लग्नात एकवीस मांडे रुखवतात मांडले गेले, एकही फाटका नाही. व्याह्यांनी एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि विचारलं, "पोरीला एवढं चांगलं शिकवलं कुणी?"

आक्कानं मांडवातल्या सगळ्यांसमोर डाव्या हातानं माझ्याकडं बोट दाखवलं. "ह्यानं. तीन दिवस घरात न्हवता."

मी वाकून सगळ्यांचं अभिनंदन स्वीकारलं.