दोन जुने कण

जयू पोतनीस एकवीस वर्षं उज्जैनच्या माधव नगरातल्या एका कॉलेजात दगड फोडत होत्या. भूगर्भशास्त्राच्या लॅबमध्ये दगडाचा चुरा करायचा, चाळायचा, धुवायचा आणि खाली उरलेल्या जड रेतीतून झिरकॉन या खनिजाचे कण सुईने वेचायचे. मिठाच्या दाण्याहून बारीक असे ते कण तपासणीला बाहेरगावी जात आणि तिथून त्यांचं वय कळून येई. नोकरी संविदेवरची, म्हणजे कंत्राटी, दर मार्चला नवा कागद.

त्या वर्षी लॅबच्या प्रमुख डॉ. मृण्मयींनी राजस्थानातून ज्वालामुखीचे दगड आणले. "जयूताई, तिथे कधीकाळी प्रचंड डोंगर होते," त्या म्हणाल्या. "स्वतःचंच वजन पेलेना म्हणून खचले, पसरले. जमीन ताणून फाटली आणि हा लाव्हा वर आला. याचं वय कळलं की डोंगर कधी कोसळले ते कळेल."

फेब्रुवारीत आकडे आले. बहुतेक कण पंचाहत्तर कोटी वर्षांचे, दोन मात्र अडीचशे कोटींचे. मृण्मयी हरखल्या. लाव्ह्याने वर येताना खालचा अतिप्राचीन खडक गिळला असणार, असं धरून त्या लेख लिहायला बसल्या.

जयूंनी मात्र तो आकडा पुन्हा वाचला. अडीचशे कोटी हे वय बुंदेलखंडातल्या ग्रॅनाइटचं, आणि हे दगड फोडले त्याच दिवशी त्यांनी आधी तो ग्रॅनाइट फोडला होता. क्षिप्रेवर स्नानाची गर्दी होती, रस्ते बंद व्हायच्या आत नानाखेड्याची बस गाठायची होती. चाळणी त्यांनी नुसती ब्रशने झाडली होती, धुतली नव्हती. ग्रॅनाइटचे कण जाळीत अडकून राहिले असणार.

घरी त्यांनी नवऱ्याला सांगितलं.  अनिल म्हणाले, "कुणाला पता चालणारे? मार्च तोंडावर आहे, जयू. नको बोलूस."

त्या नाही बोलल्या. पण मॅडमची खुर्ची सरकली तरी सुईवरचा कण उडून जाई. कोणी दारात आलं की वाटे, आलेच विचारायला. आठव्या दिवशी मृण्मयी सहज म्हणाल्या, "परवा लेख पाठवतेय." तेव्हा जयू उठून उभ्या राहिल्या.

"मॅडम, ते दोन कण त्या दगडाचे नसतील. चाळणी मी धुतली नव्हती."

मृण्मयींचा चेहरा उतरला. "आठ दिवस तुम्ही मला हे लिहू दिलंत?"

जयूंनी दगडाचा उरलेला तुकडा टेबलावर आणून ठेवला.

तो पुन्हा फोडून नव्या चाळणीने चाळला गेला. या वेळी मृण्मयी शेजारी उभ्या राहिल्या. निकालाला सहा आठवडे लागले. मार्च संपला, संविदेचा कागद आला नाही. अनिलनी त्याबद्दल एकदाही विचारलं नाही, आणि जयूंना त्याचीच जास्त धास्ती वाटली.

एप्रिलअखेर आकडे आले. ऐंशी कणांत एकही जुना नव्हता. लाव्ह्याचं वय पक्कं झालं, पण गिळलेल्या खडकाची गोष्ट गेली.

"छापून आलं असतं तर मी कुणाला तोंड दाखवू शकले नसते," मृण्मयी म्हणाल्या. त्यांनी जयूंचा कागद पुढे पाठवला. तो वर्षाऐवजी सहा महिन्यांचा होऊन आला.

जयूंनी तो घेतला, पण तिथून हलल्या नाहीत. अशी घाई एकवीस वर्षांत आणखी कधी झाली होती, ते त्यांना आठवत नव्हतं.

"मॅडम, कुठल्या दिवशी काय फोडलं त्याची जुनी रजिस्टरं बघू या का?" त्यांनी विचारलं. 

मृण्मयींनी कपाटाची किल्ली काढून दिली.