घाबरू नये, चहा घ्यावा

बत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवल्यामुळे दादांचा कशावरच विश्वास नव्हता, स्वतःच्या स्मरणशक्तीवर तर मुळीच नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी अडगळीच्या खोलीत चार जुने संगणक मांडले, एकेका वायरीला चिठ्ठी डकवली आणि बिघाड झाल्यास काय करायचं ते पायरीपायरीने लिहिलेली वही दाराला टांगली, लिफ्टच्या खोलीत असते तशी. बायकोचे वीस वर्षांतले शिवणाचे नमुने त्यांनी त्या संगणकांत साठवले आणि छातीठोकपणे सांगितलं, "आता टाक ते कागद रद्दीत." तिने टाकलेसुद्धा! तिचे शिवणवर्ग त्या नमुन्यांवरच चालत, आणि तेव्हापासून दादांच्या जिवाला घोर लागला.

म्हणून दर महिन्याला तालीम. दादांनी एक डिस्क मुद्दाम काढून ठेवायची, बायकोने नुसती वही वाचून कपाटातल्या जादा डिस्कवरच्या प्रतीवरून सगळं परत आणायचं, आणि दादांनी तोंड उघडायचं नाही. पहिल्याच तालमीत सातव्या पायरीवर घोडं अडलं.

"'नेहमीचा पासवर्ड टाकावा.' नेहमीचा म्हणजे कुणाचा नेहमीचा?"

दादांचा चेहरा पडला. पुढे पडदा काळा झाला तशी ती रडवेली झाली. "हे असं होणार, एवढं लिहायला हात दुखत होते का?" दादांनी निमूटपणे वही नव्याने लिहून काढली.

वर्षभराने डोळ्यांच्या ऑपरेशननंतर दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून दादा इस्पितळात पडले होते, तेव्हा तिचा फोन आला. "डिस्क गेली. सकाळपासून खटखट वाजत होती, आता उघडतच नाही काही."

दादा ताडकन उठून बसले. "हे बघ, आधी ती निळी वायर..."

"तुम्ही गप्प पडा. वही आहे ना?"

पानांची सळसळ ऐकू आली, बटणं वाजली, मग काहीच नाही. वीस वर्षांचं तिचं काम, आणि कागद आपणच टाकायला लावले!

"अगं, बोल की! काय झालं?"

"नववी पायरी. वाचून दाखवू? 'पडदा वीस मिनिटं काळा राहील. घाबरू नये. चहा घ्यावा.' मी घेतेय."

दादा फोन कानाला लावून बसून राहिले. शेवटी ती म्हणाली, "आला हो बाहीचा नमुना. सगळेच आले."

दादांना इतकं हायसं वाटलं की हुंदकाच फुटला. नर्स धावत आली. "काका, रडायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?"