मागच्या उजव्या चाकाची घरघर आणि मंद्रूपचा हुरडा

हुरडा तयार आहे, असा मंद्रूपहून आत्याचा फोन आला आणि आमच्या घरात दोन पक्ष पडले. मी म्हणत होते रेल्वेने जाऊ. अप्पा म्हणत होते गाडीने. अप्पा म्हणजे माझे वडील. सोलापुरात चादरींचा व्यापार करून थकले आणि अव्वा, म्हणजे माझी आई, गेल्यावर पुण्याला माझ्याकडे राहायला आले. येताना दोन ट्रंका आणि त्यांची जुनी पांढरी गाडी घेऊन आले. या गाडीने सोलापूर जिल्ह्यातले सगळे आठवडी बाजार पाहिलेत.

खरं भांडण रेल्वे की गाडी हे नव्हतंच. अप्पांचे कान गेलेत. दिवाळीत मागून ट्रक हॉर्न मारत होता आणि यांना पत्ता नव्हता, तेव्हा मी शेजारीच बसले होते. त्या दिवशी मी किल्ली काढून घेतली. दुसरी किल्ली मागितली तर म्हणाले, हरवली. माझा भाऊ बसू आणि मी ठरवलं की ही शेवटची ट्रिप झाली की गाडी विकायची, म्हणजे प्रश्नच मिटला. अप्पांना तसं सांगितलं. दोन दिवस ते माझ्या हातचा चहा अर्धा ठेवत होते.

शेवटी गाडीनेच निघालो. मी स्टिअरिंगवर आणि अप्पा आयुष्यात पहिल्यांदा डावीकडच्या सीटवर. ज्यांना हा रस्ता करायचाय त्यांच्यासाठी सांगते: उजाडायच्या आत हडपसर ओलांडा, नाहीतर पहिला तास तिथेच जातो. रस्ता छान चौपदरी आहे, टोल भरपूर आहेत. भिगवणला मासे खाणाऱ्यांची चंगळ असते. आम्ही पडलो शाकाहारी लिंगायत, त्यामुळे पोहे आणि चहा. पोहे तेलकट होते. अप्पांनी दोन प्लेटी खाल्ल्या, म्हणजे राग बराच निवळला होता.

इंदापूर मागे पडलं आणि गाडीचा वेग वाढवला, तशी मागून घरघर सुरू झाली. लांबवर पिठाची गिरणी चालू असावी तशी. वेग कमी केला की आवाज उतरायचा, वाढवला की चढायचा.

"अप्पा, आवाज येतोय."

"कसला?"

"मागून, चाकाचा."

त्यांनी खिशातलं ऐकायचं यंत्र काढून कानात घातलं, काच खाली केली, मान बाहेर काढून ऐकलं आणि पुन्हा काच वर केली. "मला तर काय ऐकू येत न्हाय की. गाडी ठणठणीत हाय. विकायची हाय तर विका बापडे. उगं तिला नावं कशाला ठेवता?"

मला फार लागलं ते. मी कारण शोधतेय असं त्यांना वाटत होतं. मी काय सांगणार होते? आवाज आहे म्हणावं तर तुम्ही बहिरे आहात असं पुन्हा एकदा तोंडावर सांगितल्यासारखं होतं. टेंभुर्णी ओलांडलं. रिकाम्या पट्ट्यात मी गाडी हळूच डावीकडे-उजवीकडे झुलवून पाहिली. डावीकडे घेतली की घरघर वाढायची. म्हणजे डावं चाक, असा निष्कर्ष काढून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

सोलापुरात शिरल्यावर गाडी थेट रफिकभाईंच्या गॅरेजवर नेली. अप्पांचा धंदा होता तेव्हापासून गाडी तिथेच जाते. रफिकभाईंनी एक फेरी मारली आणि उतरले. "बेअरिंग गया. पीछे का."

"डावं ना?" मी विचारलं.

"मलाबी तसंच वाटतंय. लेकिन आवाज फसवतो ताई, पूरी गाडी गुंजती. हात लावून बघू."

"आवाजच न्हाय तर काय बगणार?" अप्पा म्हणाले. "पोरीला गाडी नको झालीय, रफिक. तू तिला सामील होऊ नको."

गॅरेजमधली माणसं बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रफिकभाईंनी अप्पांकडे पाहिलं, त्यांच्या कानातल्या यंत्राकडे पाहिलं. आवाज चढवून काही समजावलं नाही. जॅक लावून गाडीचा मागचा भाग उचलला, तेलाचा रिकामा डबा उलटा ठेवला आणि अप्पांना त्यावर बसवलं. मग त्यांचा हात धरून चाकाच्या आतल्या बाजूला स्प्रिंगवर ठेवला.

"शेठ, तुम्हीच बघा. मी फिरवतो."

आधी डावं चाक फिरवलं. अप्पा म्हणाले, "गप हाय." माझा निष्कर्ष तिथेच निकालात निघाला. मग डबा दुसऱ्या बाजूला गेला. उजवं चाक फिरलं आणि अप्पांनी डोळे मिटले. "पुन्हा फिरव," म्हणाले. रफिकभाईंनी फिरवलं. तिसऱ्यांदा फिरवलं.

"खरखरतंय की. जात्यात जोंधळं टाकल्यागत." हात तिथेच ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नंदे, आवाज हाय गं."

मी जिंकले होते आणि मला रडू येत होतं.

"तुला इंदापूरपासनं ऐकू येत होता?"

"हो अप्पा."

"लई मोटा हाय?"

"मोठा आहे."

ते बराच वेळ त्या स्प्रिंगवर हात ठेवून बसले. गाडीची नाडी बघताहेत असं वाटत होतं. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "उजवंच जाणार की. समदा भार त्याच्यावर. तुझ्या अव्वाची कंबर धरायची, ती शीट मागं पाडून निजायची. म्हणून चादरींचे गठ्ठे मी माझ्या पाठीमागं रचायचो. तिच्या मागं कवा एक गठ्ठा न्हाय ठेवला." हे मला माहीत नव्हतं. त्या गाडीत मागच्या सीटवर डावीकडे मीही कितीतरी वेळा बसले आहे, पाय अवघडून, कारण पुढची सीट माझ्या गुडघ्यांवर असायची. मी अव्वावर चिडायचे.

दुरुस्ती फार मोठी नाही. ब्रेकचा ड्रम उतरवला, जुनं बेअरिंग ठोकून बाहेर काढलं. आतलं ग्रीस काळं पडून वाळलं होतं आणि रिंगवर बोटाला लागतील असे खड्डे पडले होते. नवं बेअरिंग बसवून, ग्रीस भरून, चाक लावायला दुपार गेली. खर्च आमच्या दोघांच्या एका रात्रीच्या हॉटेलमुक्कामापेक्षा कमीच आला. वाचकांना एकच विनंती: वेगाबरोबर चढणारी घरघर ऐकू आली तर गाणी मोठ्याने लावून ती दाबू नका, चाक जाम होऊ शकतं. आणि झुलवून बघितलंत तर लक्षात ठेवा, डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. हे मला नंतर कळलं.

अप्पा गॅरेज सोडून जेवायला यायला तयार नव्हते. मी जवळच्या खानावळीतून बाजरीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही आणि वांग्याची भाजी बांधून आणली. तिघांनी बाकावर बसून खाल्लं. कडक भाकरीचा आवाज तेवढा अप्पांना ऐकू येतो म्हणे.

उन्हं कलताना विजापूर रस्त्याने मंद्रूपला निघालो. दोन्ही बाजूंना काळ्या रानात शाळू उभा होता. गाडी इतकी शांत चालत होती की मलाच चुकल्यासारखं वाटत होतं. अप्पांनी तळहात दारावर टेकवून ठेवला होता. मध्येच म्हणायचे, "बरी चाललीय." त्यांचं अगदी बरोबर होतं.

आत्याकडची एक रीत आहे. दारात गाडी आली की माणसांच्या आधी चाकावर तांब्याभर पाणी घालायचं. पूर्वी लांबून आलेल्या बैलांच्या पायांवर घालायचे, आता बैल नाहीत. "बर्री, बर्री," म्हणजे या, या, करत आत्या तांब्या घेऊन आली. अप्पांनी तिला मागे नेलं आणि उजव्या चाकावर पाणी घालायला लावलं.

"तूच चालवत आलास व्हय रे?" आत्याने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं.

 पुण्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांना ते अजून "मीच चालवतो" असं सांगतात.

"न्हाय अक्का. नंदा चालवती आता. मला गाडीचा आवाज येत न्हाय."

आत्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. "मग बस की बाजूला. आमी बायका कवा हाकत होतो? बाजूला बसूनच समदं बघितलं की."

दुसऱ्या दिवशी बांधावर शेणाच्या गोवऱ्यांवर कणसं भाजली, हातावर चोळली. गरम हुरडा, शेंगाची चटणी, गूळ, दही. हुरड्याला जाणार असाल तर आदल्या रात्री जेवू नका. आम्ही जेवलो होतो, वर आत्याची हुग्गी, गव्हाची खीर, ओरपली होती. पस्तावलो.

परतीच्या वाटेवर मोहोळ यायच्या आत अप्पांनी सीट मागे पाडली आणि थेट भिगवणपर्यंत झोपले. इतकं निवांत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

घरी येऊन आता आठवडा झालाय. आत्याने बांधून दिलेल्या भाकऱ्या संपल्या, चटणी पुरवून पुरवून खातोय. मनात राहिलाय तो स्प्रिंगवरचा हात. पण शेवटचं सांगायचं राहिलंच. त्या संध्याकाळी पुण्यात सामान उतरवताना अप्पांनी मागचं दार उघडलं आणि बघत राहिले. आत्याने दिलेलं जोंधळ्याचं पोतं, शेंगांची गोणी, गुळाची ढेप, सगळं मी माझ्या सीटमागे रचलं होतं. त्यांच्या सीटमागे काही नव्हतं.

"उजवीकडं एवढा भार? पुन्हा बेअरिंग जाईल की."

"जाऊ दे," मी म्हटलं. "रफिकभाई आहेत."

त्यांना ऐकू आलं की नाही कोण जाणे. त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला आणि हरवलेली किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. मी वर जाऊन बसूला फोन केला, गाडीला गिऱ्हाईक आणू नको म्हणून.