लिंपलेलं पेव

देगलूरहून सकाळची एस.टी. निघाली तेव्हा मागच्या बाकावर दोन बायका तेलुगूत भांडत होत्या. मी मात्र पिशवीतलं व्याख्यानाचं पत्रक पुन्हा पुन्हा चाचपत होतो. रेणापुरात एक निवृत्त गुरुजी निजामाविरुद्ध उठलेल्या एका नाईकाच्या फसलेल्या पलायनावर बोलणार होते. तो नाईक पकडला गेला आमच्या गावात, आमच्याच शेतात.

उदगीरनंतर माळ पांढरा पडलेला होता. झळांमध्ये दूरची गावं पाण्यावर तरंगल्यासारखी दिसत. डोळा लागला की त्या पाण्यातून आजोबा चालत येत आणि जवळ आले की विरघळत.

लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. कचेऱ्यांच्या नव्या पाट्यांचा रंग अजून ओला वाटत होता. खाली टँकरची वाट पाहणाऱ्या घागरींची रांग. स्टँडसमोर भाकरी-ठेचा खाल्ला. खानावळवाल्याने पाण्याचा एकच पेला दिला आणि ओशाळून हसला.

रेणापुरात शाळेच्या खोलीत तीस-चाळीस माणसं होती. गुरुजी हळू बोलत, जणू नाईक बाहेर झोपला आहे आणि त्याला उठवायचं नाही. त्यांनी सांगितलं, तेव्हाही दुष्काळ होता. सीमेकडे पळणाऱ्या नाईकाला एका शेतकऱ्याने रिकाम्या पेवात (जमिनीत खोल खणलेल्या धान्याच्या कोठारात) लपवलं. पण त्या शेतकऱ्याचा सालगडी (वर्षाच्या बोलीवर राहिलेला गडी) फितूर झाला आणि शिपाई थेट पेवापाशी आले.

शेवटच्या रांगेतली एक म्हातारी उठून बाहेर गेली. शेजारचा माणूस कुजबुजला, ती त्या गड्याची लेक. दर वेळी येते आणि इथवर ऐकून उठते.

खरं काय ते मला ठाऊक होतं. मी मॅट्रिकला असताना आजोबांनीच सांगितलं होतं. त्या साली गावातली सगळी पेवं रिकामी, तोंडं उघडी टाकलेली. आजोबांनी नाईकाला आत उतरवलं, हवेपुरती फट ठेवून शिळा सरकवली आणि जन्माच्या सवयीने शेणामातीने लिंपून टाकली. लिंपलेलं पेव म्हणजे भरलेलं पेव. गावाला वाटलं, ह्यांच्याकडे ज्वारी आहे. बोभाटा झाला, शिपाई धान्य काढायला आले आणि माणूस सापडला. धाड पडली त्या दिवशी गडी बाजाराला गेला होता, म्हणून आळ त्याच्यावर आला. तो गाव सोडून गेला. आजोबा गप्प राहिले, मग वडील, मग मी.

मी बाहेर गेलो. ती ओट्यावर चप्पल शोधत होती. मी कोण ते सांगितलं, मग सगळंच सांगितलं. तिने चप्पल पायात घातली.

"शेण माझ्याच बापानं कालवलं व्हतं, पाटील. त्याला समदं ठाऊक व्हतं."

"मग तो बोलला का नाही, मावशी?"

"गड्याचं कोण ऐकतंय? तुमचा आजा बोलंल म्हणून मरंस्तोवर वाट बघत ऱ्हायला." तिने दाराकडे बोट केलं. "आन् तुमी मलाच काय सांगून राहिले? आत सांगा."

मी आत गेलो. उभा राहून बोललो. आजोबांचं नाव घेतलं, गड्याचंही घेतलं. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, वहीतली एक ओळ खोडली. मग विचारलं, "तुमच्या आजोबांचं नाव लिहू?" मी म्हटलं, लिहा. दाराच्या चौकटीला टेकून ती पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकत होती.

परतीला आम्हा दोघांना उदगीरमार्गे देगलूरला जाणारी एकच गाडी मिळाली. ती खिडकीशी बसली आणि शेजारच्या जागेवर तिने पिशवी ठेवली. गाडीत दुसरी जागा नव्हती. मी लातूरपर्यंत उभा राहिलो. बाहेर धुरकट माळावरून ऊन उतरत होतं.

लातूरला उतरताना तिने पिशवी उचलली.

"बसा आता," ती म्हणाली. "देगलूर लई लांब हाय."

मी बसलो. झळा ओसरल्या होत्या. दूरची गावं आता पाण्यावर नव्हती, जमिनीवर होती. आजोबा दिसले नाहीत. आमचं गाव येईपर्यंत मी एवढंच ठरवलं, की हे गावच्या पारावरही सांगायचं. तिथे ते सांगणं रेणापूरपेक्षा अवघड जाणार आहे.